चौकटीत एक माणूस

आधीच सांगून टाकतो, भूत-बित ऐकलं की सगळ्यात आधी हसणारा माणूस मी. पोटापाण्याचं कामही तसंच. जयपूरमध्ये एका खासगी कंपनीत स्मार्ट सिग्नल लावतो. कॅमेरा माणसं मोजतो, त्यावरून सिग्नल ठरतो... त्यात भुताला जागा कुठे?

आदर्श नगरहून राजा पार्ककडे जाताना एक चौक लागतो. तिथे अलीकडच्या बाजूला, झेब्रा क्रॉसिंगच्या टोकाशी, मी स्क्रीनवर एक चौकट आखली. चौकटीत माणूस दिसला तरच पायी चालणाऱ्यांना हिरवा दिवा. पलीकडच्या बाजूचा कॅमेरा मंजूरच झाला नव्हता. रोजचा आकडा यायचा जवळपास शून्य. साहेब खूश — गाड्या थांबत नाहीत, धूर कमी, शहर हिरवंगार!

माणसं नव्हती असं नाही. ती मागे कडुलिंबाच्या सावलीत उभी असायची. आमच्या वानखेडे काकूही तिथेच. बाबांच्या रेल्वेतल्या मित्राच्या पत्नी, आमच्यासारख्याच अकोल्याच्या. रोज दुपारी दीडला पलीकडे शाळेच्या बसवर नातीला, सईला, आणायला जायच्या. एकदा म्हणाल्या, "काय रे प्रशांत, तुझा सिग्नल आम्हाले जाऊच देत नाही!"

"काकू, झेब्रापाशी उभ्या राहत जा ना."

"त्या उन्हात? भाजून घेऊ काय रे बाप्पा?"

मी हसलो. चौकट सावलीपर्यंत वाढवणं म्हणजे पाच मिनिटांचं काम. उद्या करू म्हटलं.

आठ दिवसांनी काकू तिथेच गाडीखाली गेल्या. लाल दिव्यात रस्ता ओलांडत होत्या, चूक त्यांचीच — असा रिपोर्ट झाला. खाली सही माझी.

पंधरा दिवसांनी सई पुन्हा शाळेला जाऊ लागली. आईवडील नोकरीला, म्हणून बसवरून एकटीच घरी. आणि त्याच दिवसापासून... बरोबर दीड वाजता चौकटीत एक माणूस! लगेच हिरवा दिवा. सई आरामात अलीकडे यायची, सावलीतली माणसंही त्यातच पलीकडे जायची. व्हिडिओ पाहिला, तर चौकट रिकामी. नुसतं ऊन. कॅमेरा बदलला, सॉफ्टवेअर नव्याने टाकलं. दीड वाजता — एक. रविवारी मात्र शून्य. शाळेला सुट्टी असली तरी शून्य.

साहेब वैतागले. "प्रशांतजी, ये खराबी हटाओ."

मी म्हटलं, त्यापेक्षा चौकट सावलीपर्यंत वाढवू.

"मतलब हर बार गाड़ियाँ रुकेंगी?"

कंत्राटी नोकरी माझी. शेपूट घातलं आणि चौकटच पुसून टाकली; आता पायी चालणाऱ्यांना हिरवा दिवा लागणारच नव्हता. तो एक कुठून यायचा, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर खुशाल मला वेड्यात काढून सांगा. लाज मात्र वाटते, आणि ती जात नाही.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता मी स्वतः तिथे गेलो. सई पलीकडे दप्तर घेऊन उभी, नजर सिग्नलवर. गाड्या काही थांबेनात. कसाबसा वाट काढत पोचलो, तिचा हात धरला.

"काका, आज बत्ती हरी झालीच नाही."

"बिघाड होता बेटा," मी म्हणालो. "दुरुस्त केला."