अवसेच्या भरतीला जमिनीखाली

वडखळ नाक्यावर पकडलेली एसटी पेणच्या अलीकडे उभी राहिली ती राहिलीच. पुढे कुठेतरी ट्रेलर आडवा झाला होता म्हणे. मी दर दोन मिनिटांनी घड्याळात बघत होते. शेजारी बसलेले वडील पत्र्याच्या खिडकीतून खाडीकाठच्या खाजणाकडे बघत होते.

"आज आवस हाय," ते म्हणाले. "बाराला पानी टिच्चून भरंल."

"बाबा, मला अकराला पोचायचंय. पाण्याचं काय घेऊन बसलात?"

"मी कुटं काय बोललो? आवस हाय येवढंच सांगतो."

माझ्या मांडीवर निळा, जाड प्लास्टिकचा, चेन असलेला फोल्डर होता. रोह्याच्या ताईने दिलेला. तिच्या नवऱ्याला कंपनीतून मिळाला होता. कॉलेजची तीन वर्षं मी त्यांच्याकडेच काढली. भावोजी रात्रपाळी करून दिवसा झोपायचे, म्हणून घरात आवाज नको. मी पुस्तकं घेऊन कुंडलिकेच्या काठावरच्या देवळात बसायचे. त्या दोघांनी कधी मला परकं वाटू दिलं नाही. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, पण त्या पदवीवर खरं तर चार-पाच जणांची नावं छापायला हवी होती. त्या सगळ्याची कागदपत्रं त्या फोल्डरमध्ये होती: दहावी, बारावी, पदवी, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला. एका सरकारी कार्यालयातल्या लिपिकाच्या जागेसाठी मी लेखी परीक्षा पास झाले होते. आता मूळ कागदपत्रांची तपासणी. सकाळी अकरा वाजता. पत्रात शेवटची ओळ ठळक होती: उशिरा येणाऱ्या उमेदवारास आत घेतले जाणार नाही.

मुंबईत उतरलो तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. टॅक्सीवाल्याने पत्ता वाचला, मान हलवली. "आत्ता? तास लागेल ताई. पुढे रस्ता खणलाय. मेट्रोने जा, पंधरा मिनिटं." त्याने बोटाने जमिनीकडे दाखवलं.

जमिनीकडे बोट दाखवलं, हे वडिलांना आवडलं नाही ते मला तिथेच कळलं.

मेट्रोचं तोंड फुटपाथवरच होतं. काचेचं छत, त्याखाली उतरत जाणारा रुंद जिना, बाजूला सरकता जिना, आणि खालून येणारा गार वारा. मी कधी त्या गाडीत बसले नव्हते. मला भीती वाटत होती ती चुकण्याची, तिकीट कसं काढायचं, गाडी कुठल्या बाजूची. मी दोन पायऱ्या उतरले. वडील पहिल्याच पायरीवर थांबले.

"इथं समुद्र किती लांब हाय?" त्यांनी वर बसलेल्या सुरक्षारक्षक बाईंना विचारलं. बाई तिशीच्या असतील, बोलण्यावरून साताऱ्याकडच्या वाटल्या.

"इथून नाय लांब, काका. चालत जाल तर वीस मिनटं. पण गाडी खाली आहे."

"गाडी समुद्राच्या खाली हाय का वर?"

बाई हसल्या. "सगळं खालीच की."

"मंग उघाडी कुटं हाय?"

बाईंना काही कळलं नाही. मला कळलं, आणि लाज वाटली. आमची शेतं धरमतरच्या खाडीला लागून आहेत, आणि मोठ्या भरतीला खाडीचं पाणी आमच्या शेतापेक्षा उंच असतं. मध्ये फक्त मातीचा बांध. त्या बांधात एक झडप असते, ती उघाडी. ओहोटीला पावसाचं पाणी तिच्यातून बाहेर जातं, भरतीला ती बंद होते आणि खारं पाणी बाहेर राहतं. ज्याला उघाडी नाही ते शेत आमच्याकडे शेत धरत नाहीत. वडिलांनी जन्मभर भरतीच्या पातळीखाली राहून भात पिकवला होता. त्यामुळे त्यांना खाली उतरण्याची भीती नव्हती. राखण कोणाची आहे ते कळल्याशिवाय उतरण्याची होती.

"काका, रोज एवढी माणसं जातात," बाई म्हणाल्या, "एकाचं तरी पाऊल ओलं झालंय का?"

"बांध फुटेस्तोवर सगल्यांचीच पावलं सुकी असतात, बाय."

"बाबा, चला ना! सव्वादहा झाले."

"तू जा गो. मी हाय इथं वर. सरकारी काम, तुला एकटीलाच आत घेतील. मी बसतो या बाईपाशी." मग त्यांनी हात पुढे केला. "दे."

मी दिलं. फोन दिला, घड्याळ काढून दिलं. मग धावत खाली गेले.

तिकीट खिडकीवर मिळालं. कागदी, त्यावर काळे ठिपके. मागच्या मुलाने दाखवलं तसं ते फाटकावर धरलं, फाटक उघडलं. अजून खाली जायचं होतं. सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना मी दोनदा थांबले, मागून कोणीतरी "मॅडम, जरा लवकर" म्हणालं. फलाट इतका स्वच्छ होता की चप्पल वाजली तरी अपराधी वाटत होतं. रूळ दिसतच नव्हते. काचेची भिंत, काचेचे दरवाजे. गाडी आली ती काचेपलीकडून एक उजेड सरकावा तशी. आत बसायला जागा होती, पण मी उभीच राहिले. बाहेर काळोख. खिडकीत माझाच चेहरा. नदी नाही, डोंगर नाही, पुढचं स्टेशन किती लांब हे ओळखायला एखादं झाडसुद्धा नाही. दारावरच्या पट्टीवर एकेक दिवा लागत होता, त्याच्यावर नजर लावून मी स्टेशनं मोजत राहिले. कानात दडे बसले. गाडी थोडी वळली तेव्हा मी छताकडे पाहिलं. का पाहिलं ते सांगायला नको.

माझं स्टेशन आलं. उतरले, दार मागे बंद झालं. आता पळायचं, म्हणून फोल्डर काखेत घट्ट धरायला हात वळवला, आणि काखेत काही नव्हतं.

काही क्षण मला वाटलं, चोरीला गेला. मग आठवलं. "दे" म्हणाले, आणि मी फोन दिला, घड्याळ दिलं, आणि त्यांच्याआधी, सगळ्यात आधी, फोल्डर दिला होता.

हे दुसऱ्या कोणाला समजावून सांगणं कठीण आहे. आमच्याकडे बांधाला भगदाड पडलं, म्हणजे खांड गेली, की माणसं चिखलात उतरून ती भरतात. प्रत्येक घरातला एक खाली उतरतो आणि एक बांधावर थांबतो. उतरणारा आपलं सगळं कोरडं वरच्याकडे देतो: काडेपेटी, भाकरी, पैसे, हल्ली फोन. वरच्याने ते सांभाळायचं आणि पाण्यावर नजर ठेवायची. खालच्याने काम सोडून हलायचं नाही. मी लहानपणापासून वडिलांची विडी आणि चष्मा घेऊन बांधावर बसलेली आहे. वरून हात पुढे आला, "दे" ऐकू आलं, की द्यायचं. त्यांनी विचार केला नाही, मीही नाही. पदवी घेतली, परीक्षा पास झाले, आणि नेमक्या त्या दिवशी माझी सगळी कागदपत्रं भिजू नयेत म्हणून वर ठेवून आले.

फलाटावरच्या घड्याळात दहा पस्तीस झाले होते.

परत जावं? मी निघाले आणि तेवढ्यात वडील इकडे निघाले तर आम्ही जमिनीखाली एकमेकांच्या बाजूने उलट दिशांना जाऊ, आणि एकमेकांना दिसणारही नाही. पण ते निघतील कसे? ते तर खाली उतरणारच नाहीत. मी दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे करत होते. बाकावर कानात वायर घातलेली एक मुलगी बसली होती. तिच्यापुढे उभी राहिले आणि घाईत काहीतरी बोलले. तिने कानातली वायर काढली.

"परत सांगा. हळू."

मी सांगितलं. तिने माझाच नंबर लावला, कारण माझा फोन वडिलांच्या खिशात होता. पूर्ण रिंग वाजली. उचलला नाही. वडिलांचा स्वतःचा फोन बटणांचा. माझ्या फोनवर बोट सरकवून उचलायचा असतो हे मी त्यांना कधी शिकवलंच नव्हतं. मी त्या मुलीचे धड आभारही मानले नाहीत, नुसतं म्हटलं, "परत लावा ना."

पुन्हा पूर्ण रिंग. दहा चाळीस.

गाडी आली, माणसं उतरली, त्यात वडील नव्हते. पलीकडची गाडी पकडून परत गेले तरी तिथेच अकरा वाजणार. हे वर्ष गेलं असं मी मनात म्हटलं, आणि घरी आईला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवू लागले. ती सकाळी म्हणाली होती, अवसेला शुभ काम काढत नाहीत. मी तिला हसले होते.

"अजून एकदा लावते," मुलगी आपणहून म्हणाली. या वेळी तिने फोन कानापासून लांब धरला. "आता संपर्क क्षेत्राच्या बाहेर सांगतंय. बंद पडला वाटतं."

"बंद नाही," मी म्हटलं. "सकाळीच पूर्ण चार्ज केला होता. खाली माझ्या सिमला रेंज येत नसेल."

संपर्क क्षेत्राच्या बाहेर. म्हणजे ते उतरले होते.

मी जिथे उतरले होते त्याच दारासमोर जाऊन उभी राहिले. खालच्याने जागा सोडायची नाही. एक गाडी आली आणि गेली. मुलीची गाडीही तीच असावी, पण ती गेली नाही. दहा एक्कावन्नला दुसरी आली. दार उघडलं, आणि शेवटच्या दाराकडून कोणीतरी "अरे काका, सावकाश" असं म्हणालं.

वडील उतरले. पॅन्ट दोन्ही पायांवर गुडघ्यापर्यंत दुमडलेली. चपला काखेत. आणि निळा फोल्डर डोक्यावर, एका हाताने धरलेला, जसं गळ्याइतक्या पाण्यातून खाडी ओलांडताना धरतात तसा. माणसं त्यांना वाट करून देत होती. ते कोणाकडे बघत नव्हते, फक्त मला शोधत होते.

"घे," ते म्हणाले. "सुका हाय."

"बाबा..."

"मंग बोल. पल आता."

मी पळाले. कार्यालयाच्या दाराशी शिपाई रजिस्टर मिटायला घेत होता. दोन मिनिटं राहिली होती. आत साहेबांनी एकेक कागद उचलून उजेडाकडे धरला, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर बोट फिरवलं, "पेण का?" एवढंच विचारलं, आणि शिक्का मारला. मी ज्या खुर्चीवर बसून हे लिहिते आहे ती त्या शिक्क्याने मिळाली. पण त्या वेळी मला खुर्ची सुचली नाही. गुडघ्यापर्यंत दुमडलेली पॅन्ट डोळ्यांपुढून हलत नव्हती.

बाहेर आले तर वडील फुटपाथवर उभे होते, चपला पायात, पॅन्ट अजून दुमडलेलीच. शेजारी तीच मुलगी. तिने त्यांना वर आणलं होतं, चहा पाजला होता.

"पोरगी चांगली हाय," वडील म्हणाले. "पन कानात वायरी घालते. हाक मारली तर आयकू येईल का तिला?"

मुलगी हसून गेली. मग मला राहवेना. "बाबा, तुम्ही आलात कसे?"

"ती वरची बाई बोलली, काका, हातात काय? मी बोललो, पोरीचे कागद. ती बोलली, मंग पोरगी तिथं काय दाखवनार?" त्यांनी मान फिरवली. "माजा जीवच गेला गो. तिनं पत्रावरचा पत्ता वाचला, तिकीट काढून दिलं, गाडीपर्यंत आली. सरकत्या जिन्यावर नाय चढलो मी, सादा जिना उतरलो."

"आणि भीती?"

"होती. आता पन हाय." त्यांनी सूर्याकडे पाहिलं. "साडेअकरा झाले. पानी चढतीला हाय. उतरल्याबिगर मी काय परत खाली जायाचा नाय."

मग आम्ही समुद्राच्या कठड्यावर जाऊन बसलो. आईने दिलेली भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली. लोक फोटो काढत होते. वडील पाण्याकडे बघत होते, दगडांच्या कुठल्या रांगेपर्यंत ओलं झालंय ते. बारा वाजले. पाणी वरच्या रांगेला लागलं. मला बसवत नव्हतं. परतीची एसटी, ताईला फोन, सगळं डोक्यात फिरत होतं. त्यांना घाई नव्हती. साडेबाराच्या सुमाराला एका दगडाचा माथा उघडा पडला आणि थोडा वेळ उघडाच राहिला.

"वळलं," ते म्हणाले. "चल."

मेट्रोच्या तोंडाशी ते पुन्हा पहिल्या पायरीवर थांबले. मी मनात म्हटलं, आता काय. त्यांनी जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसांकडे.

"दोगंपन खाली चाललो," ते म्हणाले. "मंग वर कोन?"

"कोणी नाही, बाबा."

त्यांनी यावर बराच विचार केला. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. वाकून त्यांनी पॅन्टची दुमड घट्ट केली, चपला काढल्या.

"मंग निदान डोक्यावर घे," ते म्हणाले.

मी इकडेतिकडे पाहिलं. ऑफिसांची जेवणाची सुट्टी झाली होती, जिन्यावर गर्दी होती. मी फोल्डर डोक्यावर घेतला, एका हाताने धरला, आणि दुसऱ्या हाताने वडिलांचा हात धरून पायऱ्या उतरू लागले.