मॅम, दान नको, मापं द्या

बारा वर्षं लिता सुमागायसाय फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या एका कॉल सेंटरमध्ये ‘जेसिका’ होऊन अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांना विमा विकत होती. सवय अशी जडली होती की मोलोच्या बाजारात मासेवालीशी घासाघीस करतानाही ती मधूनच जेसिका व्हायची, आणि मासेवाली बिचकून दोन कोळंब्या जास्त टाकायची.

हीच लिता पन्नाशीच्या तोंडावर नोकरी सोडून आमच्या गल्लीतल्या शिवणाच्या कारखान्यात आली. तिथल्या सहाही बायका बहिऱ्या. फोनवर ऑर्डरी मागायला कान आणि तोंड असलेलं माणूस हवं होतं. लिताला तोंड तर दोघींचं होतं.

कारखान्याचा जीव रोसालीच्या कात्रीत होता. बाकीच्या पाच जणी शिवायच्या, कापड बेतायची ती एकटी. तिला बहिणीनं सेबूच्या फॅक्टरीत जागा धरून ठेवली होती. ख्रिसमसच्या आत मोठी ऑर्डर आली नाही तर ती जाणार होती, आणि ती गेली की दाराला कुलूपच.

लिता रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन फोनला बसायची. आधी जेसिकाचा आवाज लावून पाहिला, तर लोकांना क्रेडिट कार्डवाली वाटली. शिवाय आमच्याकडच्या माणसांच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही, ही दुसरी पंचाईत. “हो हो मॅम, आम्हीच तुम्हाला फोन करू,” असं इतक्या गोड सुरात म्हणतात, की नकार मिळालाय हे फोन ठेवल्यावर कळतं. अमेरिकन म्हातारे निदान शिव्या घालून मोकळे व्हायचे.

मग लितानं बहिऱ्या बायकांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. नदीकाठच्या हॉटेलात खरेदी बघणाऱ्या मॅम गार्गारितानो तर हळहळल्याच.

“बिचाऱ्या गं. पत्ता सांग, शुक्रवारी पाठवतेच.”

काय पाठवणार ते लितानं विचारलं नाही. तिनं खुणेनं ‘ऑर्डर’ सांगितलं आणि सहा जणींचे बारा हात टाळ्यांच्या जागी हवेत हलले.

शुक्रवारी व्हॅन आली. त्यातून तांदळाची पोती, सार्डिनचे डबे आणि हॉटेलचे जुने पडदे उतरले. व्हॅनचा ड्रायव्हर मानोंग बर्टिंग, म्हणजे बर्टिंगदादा, मोबाइल काढून म्हणाला, “मॅमनी फोटो मागितलाय. पोत्यांपाशी उभ्या राहा. जरा दुःखी दिसा.”

रोसालीनं पोत्यांकडे पाहिलं, मग लिताकडे. तिची बोटं भराभर चालली. ‘ताई, फोनवर काय सांगितलंस? आम्ही मरायला टेकलोय?’

‘खरं तेच सांगितलं.’

‘मग आता खोटं सांग. आम्ही शिवतो म्हणावं.’

तेवढ्यात बर्टिंगनं शेवटचं पोतं उचललं आणि चर्र झालं. लितानं आवाज ऐकला, रोसालीनं त्याच्या हॉटेलच्या गणवेशाच्या शर्टाचं काखेतलं भोक पाहिलं. तिनं बोट वाकवलं.

“काय म्हणतेय?”

“शर्ट काढा म्हणतेय.”

“बायकोला काय सांगू मी?”

“सांगा, शिवायला टाकला होता. आणखी काही सांगायला तुमच्याकडे आहे काय?”

बर्टिंग बनियनवर बसून कॉफी प्यायला. रोसालीनं दोन्ही काखांत चौबगला घातला, हात मोकळा फिरावा म्हणून जोडतात तो चौकोनी तुकडा, आणि बर्टिंगनं शर्ट चढवून तेच पोतं व्हॅनमध्ये परत टाकलं. शिवण जागची हलली नाही. त्यानं उत्साहानं दुसरंही टाकलं.

लितानं फोन लावला. या वेळी स्वतःच्या आवाजात, सावकाश, हेल काढून. आमच्याकडे आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून गाव ओळखतात.

“मॅम, गार्गारितानो म्हणजे तुम्ही गिंबालच्या ना?”

“हो. तू कुठली?”

“सुमागायसाय. सान होआकिनची.”

“अगं, मग आपल्या रस्त्यावरचीच की. तांदूळ मिळाला?”

“मिळाला, आणि परत निघालाय. मॅम, तुमच्या हॉटेलातल्या पोरांच्या काखा बघितल्यात कधी?”

“मी कशाला बघू कुणाच्या काखा?”

“पाहुणे बघतात. लग्नात वेटर ताट उंच धरतो तेव्हा अख्खा हॉल बघतो. तुमचे शर्ट ज्यानं बेतलेत, त्यानं माणसाला हात वर करताना पाहिलेलं नाही.”

“पण त्या बिचाऱ्या…”

“इथं बिचारं कुणी नाही. एक होता, त्यालाही शर्ट घालून दिलाय.”

पलीकडे हसू दाबल्याचा आवाज आला. मग तोच गोड सूर: “बरं, आम्हीच तुला फोन करू.”

“मॅम, त्याचा अर्थ तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. नको असेल तर ‘नको’ म्हणा. मी रडणार नाही, तांदूळही मागणार नाही.”

गिंबालची बाई सान होआकिनच्या बाईला तोंडावर ‘नको’ म्हणणार तरी कशी? लितानं घाई केली नाही. गार झालेली कॉफी संपवली.

“बर्टिंगला तोच शर्ट घालून पाठव,” शेवटी मॅम म्हणाल्या. “मी स्वतः त्याला हात वर करायला लावते.”

बर्टिंगनं किती वेळा हात वर केले कोण जाणे, पण संध्याकाळी फोन खरंच आला. सोमवारी मापं घ्यायला या, आधी वेटर, मग सामान उचलणारे, सगळे.

लितानं खुणेनं सांगितलं. रोसालीनं तिच्याकडून ‘सगळे’ची खूण दोनदा करवून घेतली. मग बहिणीला मेसेज केला, की ती जागा दुसऱ्या कुणाला दे, आणि मान वर न करता विचारलं, ‘वेटर दिसायला कसे आहेत?’

‘काखा सोडून बरे आहेत,’ लितानं सांगितलं.