मिरच्यांचा ठसका कुणालाच लागला नाही

गाडीवेड्या मंडळींनो, दुपारी केडगावला माझ्या दोस्ताकडं, दत्ताकडं जाऊन आलो. अजून पोटात जळतंय.

भंगारात पडलेली ती जुनी अमेरिकन ड्रॅग रेसची, सरळ रस्त्यावर सुसाट पळवायची गाडी आधी मी बघितली होती. पत्रा सडलाय म्हणून मी सोडली, दत्तानं उचलली. आज ती पार ओरिजनल झालीय. तोच लाल रंग, तेच आठ सिलिंडरचं इंजिन. चावी फिरवली आणि अंगणातली भांडी थरथरली.

मी तोंडदेखलं "झकास" म्हणालो. मनात म्हणालो, ही माझी असती.

तेवढ्यात गाडी बंद पडली.

दत्ताच्या आईनं लगेच मीठमिरच्या ओवाळून अंगणातल्या चुलीत टाकल्या. ठसका लागला नाही तर नजर लागलेली, हे आपल्याकडं पोराटोरांनाही ठाऊक आहे.

कुणीच खोकेना.

"लय जवळच्याची नजर हाय," मावशी म्हणाल्या.

मग मीच जोरजोरात खोकलो.

दत्ता माझी पाठ चोळत म्हणाला, "बघ आये, ह्याला लागला की ठसका. नजरबिजर काय न्हाई." मावशींनी मला पाणी दिलं.

खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही गप्प बसला असता?