मऊ आवाज

डेपोत त्याला सगळे ‘बर्फ’ म्हणत. मोटारसायकलवाला आडवा घुसो की प्रवासी आईबापाचा उद्धार करो, हा ड्रायव्हर ढिम्म. नव्या ड्रायव्हरांना साहेब मुद्दाम त्याच्याकडे पाठवत. “डोक्याला ताप करून घ्यायचा नाही,” तो सांगे, “ऐकायचं आणि गिळायचं.” गिळलेलं जातं कुठे, हे कुणी विचारलं नाही. बरंच झालं म्हणा.

ते घरी जायचं. दारात चप्पल आडवी दिसली की हा सुरू. भाजीत मीठ कमी, टीव्हीचा आवाज मोठा, दप्तर वाटेत. बायको खाली मान घालून ऐकायची, मुलगी आतल्या खोलीत सटकायची. दिवसभर राबणाऱ्या माणसाचा एवढा हक्क असतोच, असं त्याला अगदी मनापासून वाटे.

एकदा बहिणीकडे निघालेली बायको नेमकी त्याच्याच बसमध्ये चढली. बस सिग्नलला अडकली, तसा एक गृहस्थ पुढे येऊन तोंड सोडू लागला. “झोपा काढता का? फुकटचा पगार खाता नुसता.”

बर्फ मऊ आवाजात म्हणाला, “चुकलं दादा. पोचवतो लगेच. जरा धरून उभे राहा हं.”

तेवढ्यात आरशात त्याला बायको दिसली. ती टक लावून बघत होती.

तिचा स्टॉप आला तशी ती त्याच्याजवळ आली. “अहो,” ती हळूच म्हणाली, “घरीसुद्धा मी तिकीट काढत जाऊ का?” आणि उतरून गेली.

भांडली असती तर त्याने गिळलं तरी असतं. आदल्याच संध्याकाळी त्याने ताट भिंतीवर भिरकावलं होतं आणि भिंत तिने पुसली होती. त्याला भयंकर लाज वाटली. आरशात बघवेना, आणि आरशात न बघता बस काही चालवता येत नाही.

संध्याकाळी तो ठरवून घरी गेला, आज माफी मागायची. दाराशी पोचला तर आत मायलेकी खो-खो हसत होत्या. आपलं घर फार शांत आहे, असं तो डेपोत सांगत असे.

त्याने किल्ली फिरवली. हसणं तिथेच थांबलं. मुलगी दप्तर उचलून आत गेली. त्याने तोंड उघडलं, पण शब्द बाहेर पडायच्या आधीच बायको म्हणाली, “चुकलं, जरा उशीर झाला. वाढते लगेच. बसा हं.”

किती मऊ बोलली. हा आवाज त्याच्या चांगलाच ओळखीचा होता. दिवसभर तो हाच तर लावायचा.