पंचवीस डेकाग्रॅम

त्या दिवशीही नेहमीसारखी त्यानं डाळ तोलली अन् मी पिशवी धरली. आमच्या गल्लीतला हा किराणावाला 'पाव किलो' कधी म्हणायचा नाही. शाळेत शिकलेलं तेवढंच त्याच्या डोक्यात राहिलेलं. काटा स्थिरावला की ओरडायचा, "पंचवीस डेकाग्रॅम!" शाळेचं तोंड न पाहिलेली माझी बायको त्याच्याकडूनच शिकून लगेच तिच्या अहिराणीत म्हणायची, "म्हंजे अडीच हेक्टोच शे ना, भाऊ!" मग दोघं खूप हसायचे.

ती गेल्यावर मी पहिल्यांदाच दुकानात आलो होतो. तो तसाच ओरडला अन् थांबला, जणू उत्तर येणार होतं. मी भडकलो. "ती मेली. आता कोणाला ऐकवतो?"

बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखर घ्यायला गेलो. त्यानं ती तोलली अन् खाली बघत हळूच म्हणाला, "पाव किलो, नाना."