तोंड न मिटलेली करंजी

आज सकाळपासून मळभ आहे. वारा पडलाय, सदरा पाठीला चिकटतोय आणि शेजारचे कलमवाले दर थोड्या वेळाने अंगणात येऊन आभाळाकडे बघून जातायत. मीपण बघतो, पण माझी काळजी आंब्याची नाही. असल्या दमट हवेत क्रीम उभं राहत नाही. सत्तरी उलटल्यावर माझ्या डोक्यात हे ज्ञान शिरलंय, आता काय करणार!

आमच्या घरात असले किस्से कधी साठत गेले ते कळलंच नाही. पडवीत कोणी येऊन टेकलं, की मी एक सांगायला घेतो आणि त्याच्या मागून दुसरा येतो. फणस फोडल्यावर एका गऱ्यावर कोण थांबतो?

आधी माणसं सांगतो. माझा मुलगा प्रशांत जहाजावर आहे. त्याची बायको मानसी ठाण्याची. लग्नाआधी ती तिकडे एका बेकरीत टार्ट करायची. टार्ट म्हणजे मैद्याची आणि लोण्याची खुसखुशीत वाटी, तिच्यात फेटलेलं घट्ट क्रीम आणि वर ताज्या फळांच्या फोडी. इकडे आली ती ओव्हन घेऊनच. पहिल्याच आठवड्यात तिने मला समोर बसवून सांगितलं, की आप्पा, आंब्याचा सीझन संपेपर्यंत मी बघणार. इथे जीव रमला तर राहीन, नाहीतर परत ठाण्याला जाईन, जुनी जागा माझ्यासाठी ठेवलीय.

तिचं स्पष्ट बोलणं मला आवडलं. पण बायको गेल्यापासून मी एकट्यापुरता भात शिजवत होतो. घरात पुन्हा भांड्यांचा आवाज यायला लागला होता, तो थांबू नये असं वाटायचं. हे मी तिला बोललो नाही. तिच्यावर ओझं कशाला टाकायचं?

* * *

पहिला टार्ट शेजारी काशीवहिनींकडे गेला. आमच्या वाडीत मोदक असोत की करंज्या, काशीवहिनींचा हात लागल्याशिवाय कार्य पार पडत नाही. त्यांची करंजी तेलात फुटलेली कोणी बघितलेली नाही.

वहिनींनी टार्ट हातात घेतला. उलटा करून खालून बघितला, कडेवर नख मारलं, वास घेतला. मानसी शेजारीच उभी. मग वहिनींनी तो न खाताच ताटलीत ठेवला आणि मला विचारलं,

"भावोजी, ही करंजी तोंड मिटायची विसरली काय?"

मानसी हसली, पण घरी येऊन बराच वेळ ओटा पुसत राहिली. स्वच्छ होता ओटा.

* * *

टार्टची वाटी भाजताना तळ फुगू नये म्हणून तिच्यात वजन ठेवावं लागतं. मानसी कागद घालून त्यावर कडवे वाल भरायची. भाजून झालं की वाल काढून डब्यात.

एक दिवस ती बाजारात गेलेली. म्हटलं, आज आपण बिरडं करू, पोर खूश होईल. डबा दिसला, वाल भिजत घातले, मग फडक्यात बांधून ठेवले. दुसऱ्या दिवशी बघितलं, मोड नाहीत. म्हटलं, हवा थंड असेल. फडकं चुलीजवळ नेलं. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मला घाई कधीच नसते. पुन्हा बांधले.

शेवटी मानसीला वास आला तेव्हा तिने फडकं सोडलं आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आप्पा, हे वाल महिनाभर ओव्हनमध्ये जाऊन आलेत. तुम्ही वर्षभर थांबलात तरी उठायचे नाहीत."

* * *

मग एकदा ऐन ऑर्डरीच्या दिवशी लाईट गेली. फ्रीज बंद, क्रीम गरम व्हायला लागलं. मानसी रडकुंडीला आली. मी म्हटलं, घाबरू नको. फ्रीज नव्हता तेव्हा आम्ही दूध विहिरीत सोडायचो. क्रीमचा डबा घट्ट बंद केला, दोरीला बांधला आणि पाण्यापर्यंत सोडला.

विहीर आमची आणि काशीवहिनींची सामायिक. त्या कळशी घेऊन आल्या, ही कुठली दोरी म्हणून ओढली, डबा उघडला आणि तिथूनच हाक दिली, "भावोजी, तुमच्या बाजूने विहिरीला दूध सुटलंय!"

क्रीम मात्र मस्त गार झालं होतं. आता फेटायचं कशाने? बीटर तर लाईटवर चालतो. मानसी हाताने फेटत होती, तिचा हात भरून आला. ती जरा पाणी प्यायला आत गेली, तेवढ्यात मी रवी घेतली. छान लय लागली. ती बाहेर आली तेव्हा मी मोठ्या समाधानाने लोण्याचा गोळा काढत होतो.

त्या ऑर्डरीचे टार्ट दुसऱ्या दिवशी गेले. आमच्याकडे आठवडाभर भाकरीवर लोणी होतं.

* * *

वाडीत टार्ट विकायचे हा मानसीचा विचार चांगलाच होता. तिने दर घरी एकेक ताटली चाखायला पाठवली, म्हणजे चव कळेल आणि पुढे लोक मागतील.

पण आमच्याकडे शेजारची ताटली रिकामी परत करायची नसते. संध्याकाळपासून ताटल्या यायला लागल्या. एकीत आमसुलं, एकीत फणसाचे तळलेले गरे, एकीत नारळ, एकीत तर ताजे बांगडे. आता घेतलंय म्हटल्यावर मानसीने पुन्हा टार्ट पाठवले. पुन्हा ताटल्या भरून आल्या. कोणाला किंमत सांगायची सोयच राहिली नाही. एक म्हातारी तर तिला म्हणाली, की मुली, आता पाठवू नको हो, आमचे नारळ संपत आले.

त्या दिवशी मानसी पडवीत नारळांच्या ढिगाशेजारी बसून इतकी हसली, की मीही हसलो. हसता हसता ती म्हणाली, "आप्पा, ह्या गावात माझं दुकान कसं चालायचं हो?"

मी एक नारळ सोलायला घेतला.

* * *

ऑर्डरी आल्या त्या रत्नागिरी शहरातून. वाढदिवस, साखरपुडे. हापूस सुरू झाल्यावर तर मागणी वाढली. टार्ट पोचवायचं काम दिनू रिक्षावाल्याकडे. दिनू असा चालवतो, की त्याच्या रिक्षात बसलेला माणूस उतरल्यावर आधी आपले दात चाचपतो. पहिल्या खेपेला खोक्यात सगळं एकत्र झालं. खोका परत आला तेव्हा मानसीने त्याला उघडून दाखवला. मनाला लावून घेतलं त्याने.

पुढच्या खेपेला शिमग्याचे दिवस होते, देवाची पालखी घरोघर फिरत होती. दिनूने मागच्या सीटवर घडी घालून चादर अंथरली, वर खोका, खोक्यावर उन्हासाठी लाल ओढणी. आणि निघाला तो चालत्या माणसाच्या वेगाने. प्रत्येक खड्ड्याशी थांबायचा, आत बघायचा, मग पुढे. नाक्यावर एक आजीबाई चपला काढून उभ्या राहिल्या, हात जोडले आणि विचारलं, की बाबा, देव आज रिक्षाने कसा?

दिनू म्हणतो, "मी काय सांगणार? मी पण हात जोडले."

खोका न हलता पोचला. त्या घरून फोन आला, सगळे पाहुणे कौतुक करतायत म्हणून. मानसीने मला फोन कानाला लावून ऐकवला. मला वाटलं, आता ही राहणार.

* * *

आणि नेमका त्याच आठवड्यात ठाण्याच्या बेकरीतून निरोप आला. येणार असशील तर आता ये.

रात्री जेवताना मानसी म्हणाली, की काम चाललंय आप्पा, तक्रार नाही. पण तिकडे ओट्याला आम्ही चौघी असायचो. कड का फुटली, क्रीम का पातळ झालं, ह्यावर भांडायचो. इथे सगळे खातात, छान म्हणतात आणि जातात. कामातलं बोलायला कोणी नाही.

मी म्हटलं, मी आहे की.

"तुम्ही आहात हो," ती म्हणाली आणि माझ्या पानात भात वाढला. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. वाल भिजवणाऱ्या माणसाशी कितीसं बोलणार ती?

जायचं ठरलं. दिनूला दुपारी यायला सांगितलं. मानसी आत बॅग भरत होती, मी पडवीत सुपारी कातरत होतो. खरं तर सुपारी कातरून झाली होती, नुसता अडकित्ता चालवत होतो.

तेवढ्यात मागच्या दाराने काशीवहिनी आल्या. हातात ताट, वर केळीचं पान झाकलेलं. चारपाच दिवस त्यांच्या परड्यातून धूर आणि करपल्याचा वास येत होता. मला वाटलं होतं, पालापाचोळा जाळतायत.

त्यांनी पान बाजूला केलं. ताटात टार्ट होते. म्हणजे असावेत. पातेल्यात वाळू घालून, झाकणावर निखारे ठेवून भाजलेले. एकाची कड फुटलेली, एक खाली बसलेला, एक काळा. आत नारळाच्या दुधाची साय, वर काजूच्या बोंडाच्या फोडी, त्या मात्र एकसारख्या, देखण्या कापलेल्या.

वहिनी माझ्याकडे न बघता आतल्या दाराकडे बघत होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या,

"भावोजी, सुनेला सांगा, कड का फुटते ते दाखवल्याशिवाय जायचं नाय. आणि हे पण सांगा, मला एकदा दाखवून काय कळत नाय. शिकायला मला लय दिवस लागतात."