पंचाहत्तर फुटांची सावली

प्रथम क्षमा मागतो. मी अजून बी.ए. झालेलो नाही. आमच्या घरात लिहिणारा मीच पहिला, त्यामुळे लिहिताना कुठे थांबावे हे दाखवणारे घरी कोणी नाही. आठवणी थोरामोठ्यांनी लिहाव्यात. माझ्याजवळ आहे ती एका अर्जाची हकीकत. तीही कोणी विचारली नव्हती. पण ती आठवली की भर वर्गात हसू येते आणि प्रोफेसर माझ्याकडे पाहतात. एकदा लिहून टाकली तर कदाचित थांबेल, म्हणून हे धाडस.

मिठाच्या चळवळीच्या आदल्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. कॉलेजचे पहिले वर्ष संपवून मी आगबोटीने रत्नागिरीला घरी आलो होतो. बंदराच्या बाजूच्या एका उताराच्या आळीत आमचे कौलारू घर आहे. घरापुढे शेणाने सारवलेले खळे, म्हणजे अंगण, आणि खळ्याच्या दक्षिणेला कुंपणासारखा चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा. गडग्यापलीकडे तांडेलकाकांचे घर. काका सगे नव्हेत. ते पूर्वी बोटीवर खलाशांचे मुकादम, म्हणजे तांडेल, होते आणि सारी आळी त्यांना त्याच नावाने हाक मारी. आता ते घरी बसले होते आणि मुलगा बोटीवर चढला होता.

उन्हाळ्यात आमचे खळे आईचे. रायवळ आंब्यांचा रस ताटांवर आणि सुपांवर पातळ पसरायचा, तो वाळला की त्यावर दुसरा थर, मग तिसरा. अशी आंबापोळी ती महिनाभर करी आणि बाजारातल्या दुकानाला देई. माझ्या फीचा मोठा वाटा त्या पोळीतून निघत असे. म्हणजे मी कॉलेजात बसतो तो आमच्या खळ्यातल्या उन्हावर, असे म्हटले तरी चालेल.

मी आलो त्याच दिवशी बाबांनी पायरीवरच गाठले.

"तांडेल माडी बांधतोय," ते म्हणाले. "आपल्या गडग्याला लागून. वीस फूट उंच. तुझ्या आईचं ऊन गेलं समज."

"कशाला बांधतायत?"

"बंदर दिसायला! मुलाची बोट आली की भोंगा ऐकू येतो, पण बोट दिसत नाय म्हणे. त्याला बोट दिसावी म्हणून आपण अंधारात बसायचं?"

बाबा कचेरीत पट्टेवाले. लोकांचे अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर नेण्यात त्यांची तीस वर्षे गेली, पण आमच्या घरचा अर्ज आजवर एकही गेला नव्हता. त्यांच्या आवाजात काळजी होती हे खरे. पण त्यांचे डोळे चमकत होते, तेही मला दिसले.

"म्युनिसिपालिटीला अर्ज कर," ते म्हणाले. "कॉलेजात शिकवतात ते सगळं घाल त्यात."

मी सगळे घातले. माझ्याजवळ त्रिकोणमितीचे इंग्रजी पुस्तक होते. त्यात भर दुपारी खांबाची सावली किती पडेल, याचे एक सोडवलेले उदाहरण होते. मी खांबाच्या जागी तांडेलकाकांची माडी ठेवली, उदाहरणातला सूर्य तसाच घेतला आणि गणित केले. उत्तर आले पंचाहत्तर फूट.

बाबांना सांगितले तर ते उठून उभेच राहिले. गडग्यापासून पावले टाकत निघाले ते खळे ओलांडून, ओटी, माजघर, स्वयंपाकघर यांतून मागल्या दाराने बाहेर पडून विहिरीपाशी थांबले.

"म्हणजे सावली आपल्या विहिरीत पडणार?" त्यांनी तिथून ओरडून विचारले.

"हिशेबाने तरी तसंच दिसतंय."

"विहिरीत पडणार!" बाबा आनंदाने म्हणाले. "लिही. विहीर पण लिही."

आई ताटांवर रस पसरत होती. तिने मान वर न करता विचारले, "आपला माड त्या माडीपेक्षा उंच हाय ना रे? मग दुपारची त्याची सावली त्याच्या बुंध्यातच कशी?"

मी जरा विचार केला आणि म्हणालो, "आई, ते झाड आहे. ही भिंत आहे."

आज हे लिहिताना कान तापतात. पण पुस्तक इंग्रजी होते, आणि छापलेला सूर्य चुकेल असे तेव्हा माझ्या मनातही आले नाही.

अर्ज गेला. बाबांनी त्यावर अंगठा उठवला तो इतका दाबून की शाई मागच्या बाजूला उमटली.

आठवड्याने तांडेलकाका गडग्याशी आले. हातात म्युनिसिपालिटीचा कागद. आमच्या आळीत कागद आला की तो माझ्याकडे येई, कारण वाचणारा मीच. हे मला आधी सुचायला हवे होते.

"वाच बाला," काका म्हणाले. "कोण मेला आपल्या माडीवर उठलाय बघूया."

पळून जावेसे वाटले. पण कागद हातात आला होता. मी खाली बघून वाचू लागलो. शेजारच्या घरमालकाने हरकत घेतली आहे, सबब ओव्हरसियर जागा पाहीपर्यंत काम बंद ठेवावे. पुढे माझेच गणित, माझ्याच शब्दांत. "सदरहू माडीची छाया मध्यान्ही पंचाहत्तर फूट जाऊन विहिरीत..." इथे मी वाचणे थांबवले.

काका म्हणाले, "पंचाहत्तर?"

"हो."

"भर दुपारची?"

"हो, काका."

"अशी सावली मी बघितलीय," काका म्हणाले. मला हायसे वाटले. "विलायतेच्या बंदरात, नाताळच्या दिवसांत. भर दुपारी सूर्य असा गोदीच्या छपराला टेकलेला. माणूस एवढा आणि सावली चार माणसांची. थंडीने आम्ही मरत होतो आणि सावल्या बघून हसत होतो. तुझं पुस्तक कुठलं रे?"

मी घरात जाऊन पुस्तक उघडले. पहिल्याच पानावर खाली छापले होते, लंडन. उदाहरणातला दिवस डिसेंबरचा होता. रत्नागिरीच्या वैशाखात आमच्या खळ्यावर मी विलायतेचा हिवाळी सूर्य आणून बसवला होता.

बाहेर येऊन मी हे काकांना सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. ते गडग्यावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "विहिरीत!" एवढेच त्यांना अधूनमधून म्हणता येई. मग पुन्हा हसत. शेवटी मीही हसू लागलो, आणि मला थांबता येईना.

बाबा मात्र हसले नाहीत. "विलायतेचा असला तरी सूर्य एकच हाय," ते म्हणाले. "ओव्हरसियर येऊ दे. तो ठरवील."

ओव्हरसियर आला तो बरोबर दुपारी बाराला, छत्री घेऊन. तांडेलकाकांनी तयारी करून ठेवली होती. माळ्यावरचे मचव्याचे जुने शीड काढून त्यांनी दोन वीस फुटी बांबूंना ताणून बांधले होते आणि माडीची भिंत जिथे येणार तिथे ते उभे केले होते. दोऱ्या धरायला आळीतले सहा गडी. बघायला उरलेली आळी. कोणी गडग्यावर, कोणी आमच्या ओटीवर, दोघे आमच्या फणसावर.

"ही माडी," काका म्हणाले. "आता सावली शोधा, साहेब."

साहेबाने आमच्या खळ्यात पाहिले. लख्ख ऊन. आईची ताटे डोळ्यांत खुपतील अशी चमकत होती. बाबा वाकून गडग्याच्या मुळाशी बघत होते, जशी काही सावली चिऱ्यांच्या फटीत लपली असावी. वैशाखात सूर्य आमच्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो; म्हणून सावली पडली होती ती पलीकडे, काकांच्याच अंगणात, हातभर. तिच्यात त्यांची कोंबडी बसली होती.

"पंचाहत्तर फूट कुठायत?" साहेब म्हणाला.

एवढ्यात समुद्रावरून वारा आला आणि शीड फुगले. गडी ओरडले, दोऱ्या ताणल्या, एकाचे पाय जमिनीवरून सुटले.

"माडी चालली!" फणसावरून कोणीतरी ओरडले. "धरा, धरा, माडी चालली!"

सगळ्यांनी एकदम आमच्या बाजूला ओढले, आणि नेमका त्याच वेळी वारा पडला. वीस फुटांची माडी डुलत डुलत गडग्यावरून आमच्या खळ्यावर झुकली. क्षणभर सगळी ताटे काळी झाली.

"आली!" बाबांनी उडी मारली. "आली सावली! साहेब, लिहून घ्या, लिहून घ्या!"

आणि शीड खाली आले. साहेब, छत्री, बाबा आणि दोन गडी त्याच्याखाली. वरून नुसती हालचाल दिसत होती, आतून बाबांचा आवाज येत होता, "हीच ती सावली, साहेब!" आई पदर तोंडाला लावून खाली बसली. तिला इतके हसताना मी कधी पाहिले नव्हते. शीड गडग्यावर आणि माणसांच्या डोक्यांवर अडकले होते, म्हणून एकाही ताटाला धक्का लागला नव्हता.

साहेब बाहेर आला तेव्हा तोही हसत होता. पण तो म्हणाला, "हरकत लेखी आहे. मागे घ्यायची तरी लेखीच लागेल. नाहीतर काम बंदच राहील."

तो गेल्यावर मी घाबरतच बाबांना म्हणालो, "बाबा, चूक माझी आहे. दुसरा अर्ज लिहू का?"

"तीस वर्षांत मागे घेतलेला अर्ज मी एक नाय बघितला," बाबा म्हणाले. "आपल्या घरचा पहिला अर्ज, आणि तो मागे?"

गडग्यापलीकडून काका म्हणाले, "मग कचेरीत तुझं नाव होईल. मागे घेणारा पहिला."

बाबांनी यावर बराच विचार केला.

मी पंचांग घेतले, रत्नागिरीचे अक्षांश शोधले आणि तीन वेळा गणित केले. उन्हाळ्यात सावली खळ्यात मुळीच येत नाही. पौषात मात्र दुपारची पंधरा-सतरा फूट आत येईल. हे लपवणे बरे दिसेना म्हणून आईला सांगितले.

"पौषात मी काय वाळवते?" आई म्हणाली. "लिही."

दुसऱ्या अर्जावर बाबांनी अंगठा उठवला. या वेळी हलका.

पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने मी निघालो. बोट गाठायला होडीत बसताना काका म्हणाले, "पुढल्या वेळी माडीवरून हात करीन." पण पुढल्या उन्हाळ्यात परीक्षेमुळे आणि एका शिकवणीमुळे मला घरी जाता आले नाही. दिवाळीत पत्र आले होते, माडी उभी राहिली एवढेच. आंबापोळीचे काय झाले ते पोळी घालेपर्यंत कोण सांगणार? मी खोलीत बसून ते गणित चौथ्यांदा, पाचव्यांदा केले. एकदा चुकलेला माणूस दुसऱ्यांदा बरोबर असेलच कशावरून? उत्तर प्रत्येक वेळी तेच येई आणि प्रत्येक वेळी मला भीती वाटे.

शेवटी ज्येष्ठाच्या सुरुवातीला गावाकडचा एक माणूस पुडके घेऊन आला. आत आंबापोळी होती, आणि शाळेच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेले पत्र. तांडेलने माडीच्या आपल्या बाजूच्या भिंतीला पांढरा चुना दिला आहे. वैशाखात तिच्यावर सकाळ-संध्याकाळ ऊन पडते आणि तिची सगळी धग खळ्यात येते. पूर्वी थर वाळायला दोन दिवस लागत, यंदा एकात वाळतो. कडा जरा करपल्या आहेत, त्या काढून खाव्यात. वडील सुखरूप आहेत आणि कचेरीत सर्वांना अर्ज मागे कसा घ्यावा ते सांगतात. तुझी आई तांडेलला विचारते की, माडीवर आणखी एक मजला चढवाल काय. तो म्हणतो, चढवीन, पण अर्ज तू लिहावास.